मेतकुटाचा डबा

गुडघे दुखत असूनही कुमुदताई क्रूझवरून आपलं सामान आपणच घेऊन उतरणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. ती रांग सगळ्यांत आधी सुटणार होती.

काल भरल्या डायनिंग हॉलमध्ये त्यांनी केबिन आवरणाऱ्या पेडणेकरांवर नथ चोरल्याचा आळ घेतला होता. आज सकाळी सामान भरताना ती सापडली. त्यांनीच जपून ठेवली होती, मेतकुटाच्या डब्यात.

"मावशी, द्या ती बॅग. उतार निसरडा आहे." मागून पेडणेकर धावत आले. धक्क्यावर बॅग टेकवून त्यांनी हळूच विचारलं, "नथ मिळाली का हो? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या."

कुमुदताईंची मान वर होईना.

"नाही," त्या म्हणाल्या. बोटांना अजून मेतकुटाचा वास येत होता.