पेपरवाल्यांची लोखंडी पळी

नात पहिलं पाऊल टाकायला लागली, त्या वर्षीची गोष्ट.

"पुन्हा वाच," म्हातारा म्हणाला.

म्हातारीने पेपर सरळ केला. "बेकायदा फटाक्यांवर धाड. घरामागच्या खोलीतून ऐंशी किलो दारू, भुईनळे आणि एक लोखंडी पळी जप्त. एकाला अटक."

"ऐंशी किलो! त्या खोलीत ऐंशी किलो भरली तर आपल्या पोराला छपरावर बसून काम करावं लागेल. आणि लोखंडी पळी? पेपरवाल्यांनी घरून आणून ठेवली असेल, फोटोपुरती."

"आवाज चढवू नका. छातीला जपा म्हणून डॉक्टरांनी बजावलंय." तिने गोळी आणि पाणी पुढे केलं.

आतल्या खोलीत सून होती. नातीला घेऊन ती सोमवारी संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून आली. पोलिसांनी घराला कुलूप ठोकलंय, असं म्हातारीने सांगितलं होतं. तेव्हापासून सून एक शब्द बोलली नव्हती. दारात पोलीस आले की भल्याभल्यांची वाचा बसते, असं म्हाताऱ्याने स्वतःची समजूत घातली.

त्याने तीस वर्षं शोभेची दारू केली होती. परवाना होता, नाव होतं. मग एके दिवशी एका गड्याने मसाला ढवळायला लोखंडी पळी घेतली. एक ठिणगी उडाली आणि म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे गेले. पाठोपाठ परवानाही गेला. पुढे मुलाने तेच काम घरामागे चोरून सुरू केलं, तेव्हा बापाने त्याला एकच नियम घालून दिला. मसाल्याजवळ लोखंड आणायचं नाही.

डोळे गेल्यावर पेपर कोण वाचणार? म्हणून म्हातारी अठ्ठावन्नाव्या वर्षी पाटी घेऊन शिकायला बसली. अक्षराला अक्षर जोडत वाचायची. एक बातमी संपेस्तोवर चहावर साय धरायची. "ताजा पेपर माझ्यापर्यंत येताना शिळा होतो," म्हातारा चिडवायचा. या मंगळवारी मात्र ती घडाघडा वाचत होती.

"पटाईत झालीस गं."

"सवय झाली," ती म्हणाली.

बुधवारी न्हावी दाढी करायला आला. हा न्हावी म्हणजे चालताबोलता पेपर. साबण लावण्याआधीच त्याच्या दोन भानगडी सांगून व्हायच्या. त्या दिवशी त्याने तोंडाला कुलूप लावलं होतं.

"काय रे, लोक काय म्हणतात?"

"काही नाही, आबा. हनुवटी वर करा."

"तुला तरी पटतं का हे?"

वस्तरा गालावरच थांबला. "नाही पटत, आबा. अजून नाही पटत." पुढ्यातला चहा न घेताच तो गेला.

"ऐकलंस? त्यालासुद्धा पटत नाही!" म्हाताऱ्याला जोर चढला. "आज काय छापलंय?"

पेपर सळसळला. "चौकशी चालू आहे. आरोपी शांत आहे."

"जेवतोय का, ते नाही लिहिलं?"

"तसलं कुठे लिहितात पेपरात?"

गुरुवारी सकाळी म्हातारा उठला तो ठरवूनच. "कागद घे. संपादकाला पत्र लिहायचंय. ही एवढी पळी खोटी ठरली, की बाकीचं सगळं गळून पडतं. पोरगा सुटतो."

"माझं अक्षर बघितलंय का कधी?"

"मी कसलं बघतोय! कोंबडीचे पाय असले तरी चालतील. लिही. तुमच्या बातमीतली पळी खोटी आहे. माझ्या मुलाची लाकडी पळी शनिवारी तडकली, हे खरं. पण माझी सागवानी पळी मी रविवारी त्याच्या आईबरोबर पाठवली. लाकडी पळी हाताशी असताना माझा मुलगा लोखंडाला शिवणार नाही. त्याच्या घरात नीट शोधा. पळी तिथेच आहे."

पेन्सिलीचा आवाज थांबला होता.

"लिहिलंस?"

"लिहिते."

"तू त्याच्या हातात दिलीस ना?"

म्हातारीने नाक पुसलं. "रविवारी गेलेच होते की मी त्यांच्याकडे."

"मग झालं तर. ती पळी त्याच्याजवळ आहे, तोवर त्याच्या केसाला धक्का लागायचा नाही."

तिने त्याचा हात धरून कागदावर सही करवली. दुपारी जेवून तो आडवा झाला आणि सोमवारपासून पहिल्यांदाच घोरायला लागला.

म्हातारीने पत्राची घडी केली आणि फळीवरचा पिठाचा डबा बाजूला सारला. मागे फडक्यात गुंडाळलेली सागवानी पळी होती. रविवारी निघायच्या घाईत ती तिथेच राहिली होती. पळीखाली मंगळवारचा पेपर होता. त्यात धाड नव्हती, जप्ती नव्हती, अटकही नव्हती. चारच ओळी होत्या, आणि त्या वाचायला तिला अर्धा तास लागला होता. दारू ढवळताना लोखंडी पळीची ठिणगी उडाली होती. मुलगा सोमवारी दुपारी अडीच वाजता जागच्या जागी गेला.