मागणारा कोण?

"पेढे आले, पाहुणे आले, आणि आता म्हणतेस रिपोर्टची वेबसाइट लोकांसाठी खुली करू नका?" लॅबचे मालक डॉक्टर टिळेकर साइट सांभाळणाऱ्या शर्वाणीवर डाफरले.

"कुठल्याही पेशंटचा रिपोर्ट नंबर सांगा, सर."

"माझाच घे, चाळीस. पासवर्डशिवाय उघडून दाखव!"

शर्वाणीने स्वतःच्या मोबाईलवर साइटच्या पत्त्याच्या शेवटी तो आकडा टाकला.

रिपोर्ट उघडला.

"सर्व्हर फक्त नंबर बघतो. कोण मागतंय ते तपासतच नाही. उद्या सगळं गाव सगळ्यांचे रिपोर्ट वाचेल."

"अहो, साखर तीनशे बारा?" शर्वाणीच्या खांद्यावरून डोकावत डॉक्टरांच्या बायकोने विचारलं. "मला तर नॉर्मल म्हणालात!"

डॉक्टरांनी हातातला उरलेला पेढा खाली ठेवला. "दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"संध्याकाळपर्यंत," शर्वाणी म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता तिने साइट बंदही करून टाकली.