वेळेचा अंदाज

पप्पा नक्की कधी गेले, असं प्रिस्काने विचारलं तेव्हा डॉक्टर कौस्तुभ राऊतांना मनातून आनंद झाला, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

शवागाराच्या थंडीत ठेवलेल्या देहांच्या पेशी पाहून मृत्यूची वेळ सांगायची, यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. पण पोलिसांना घाई असायची आणि वकिलांना अशिलाच्या सोयीचं तेवढंच हवं असायचं. बायको लतिका तर म्हणायची, आधी आपल्या फ्रिजमधली आमटी कधीची ते सांगा. त्यातही ते दर वेळी चुकत. आज पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारत होतं.

प्रिस्काचे वडील ॲन्सेल्म आगाशीला एकटेच राहत. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ते गेलेले होते. ती दोहाहून येईपर्यंत त्यांना शवागारात ठेवलं होतं. आता दफनही झालं होतं. शवविच्छेदन राऊतांनीच केलं होतं; हृदय बंद पडलं, हे तिला कळलेलंच होतं.

डॉक्टर खुलले. यकृताच्या पेशी लवकर विरतात, घामाच्या ग्रंथी चिवट असतात, थंडी सगळंच लांबवते. समोर विद्यार्थिनी नाही, मुलगी बसली आहे, हे विसरून ते बोलत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"शनिवारी त्यांचा वाढदिवस होता," ती म्हणाली. "संध्याकाळी मी फोन केला. तेव्हा पप्पा होते का?"

डॉक्टरांचा अंदाज शुक्रवार रात्रीपासून रविवार सकाळपर्यंत पसरला होता. एका परिषदेत कुणी म्हणालं होतं, राऊतांच्या अंदाजातून बैलगाडी आरामात जाते. आणि हिला हवी असलेली संध्याकाळ नेमकी मधोमध. आपल्यापेक्षा ज्योतिषी बरा, असं त्यांना वाटलं. खोटं बोलून तिला धीर द्यावा, असंही वाटलं. पण कुठल्या खोट्याने धीर येईल, तेही कळेना.

"माफ करा," ते म्हणाले. "असतीलही, नसतीलही. ते मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही."

प्रिस्का टेबलाकडे बघत म्हणाली,

"मी लग्न केल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. त्या दिवशी नुसती रिंग वाजत राहिली. घरचे म्हणतात, मुद्दामच उचलला नाही." तिने मान वर केली. "म्हणजे तसं कुणी खात्रीने म्हणू शकत नाही ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. एवढ्या खात्रीने ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते.