पुन्हा पहिल्यापासून

“थांब. पुन्हा पहिल्यापासून.”

हे तो गिटारला म्हणाला की दारात उभ्या असलेल्या लेकीला, सांगणं कठीण होतं. दोघीही एकदमच गप्प झाल्या.

लेक दहा वर्षांची. बोलताना अडखळायची. आताही “बा… बा…” एवढ्यावरच तिची गाडी रुतली होती, आणि नेमकी त्याच वेळी बापाची तिसरी कॉर्ड बेसूर वाजली होती.

“श्वास घे,” तिच्याकडे न बघताच तो म्हणाला. “सावकाश. नीट बोल.”

तिने श्वास घेतला. “बा… बा… बा…”

“घाई कशाला? परत. पहिल्यापासून.”

तिने ओठ घट्ट मिटले आणि ती आत निघून गेली. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तो वजनकाटे तपासायचा. बाजारात दुकानोदुकानी फिरायचा, काटा बरोबर शून्यावर आला की शिक्का मारायचा. एकदा शिक्का बसला की वर्षभर त्या काट्याकडे बघायचं कारण नाही. दुकानदार त्याला पाठीमागे ‘तोळामासा’ म्हणायचे. त्याचा रक्तदाब बघून डॉक्टर म्हणाले, “काहीतरी मजेचं करत जा हो.” म्हणून त्याने कचेरीतल्या सहकाऱ्याची जुनी गिटार विकत घेतली, आणि मजेलाही तपासणीला बसवलं.

रोज संध्याकाळी गिटारच्या माथ्याला सूर दाखवणारं छोटं यंत्र अडकवायचं. एकेक तार छेडून तिचा काटा मधोमध आणायचा. यंत्र खिशात टाकायचं. झाला शिक्का! मग मोबाइलमधल्या मास्तरांच्या मागोमाग तीन कॉर्डचं एक साधं गाणं. तिसरी कॉर्ड आली की सूर बिघडायचा. बिघडला की तो बोटाला शिव्या घालायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. गिटार घरात येऊन इतके महिने झाले, पण त्या गाण्याचा शेवट कुणी ऐकला नव्हता. देव ज्याच्या हाती तराजू देतो, त्याला कान देतोच असं नाही.

बायको शेजारी इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“अहो, तुम्ही पोरीलाही त्या गिटारसारखंच वाजवता.”

“म्हणजे?”

“दर वेळी पहिल्यापासून. तिचं पुढचं कधी ऐकलंय तुम्ही?”

“तिच्या भल्यासाठीच सांगतो ना मी.”

“शाळेत बोलते ती. अडखळत का होईना, पण बोलते. माझं तर डोकं खाते. इथे तुमच्या दारात आली की मुकी होते. गेले कित्येक दिवस काहीतरी सांगायचंय तिला. मला सांग म्हटलं, तर म्हणते बाबांनाच सांगायचंय.” तिने सदऱ्याची बाही उगाचच सरळ केली. “आज मीच तिला म्हटलं, शेवटचं बघ. नाहीच जमलं, तर सोडून दे. बाबांशी नाही बोललीस तरी चालेल.”

“चालेल?”

“न चालवून काय करू?”

ती पुन्हा इस्त्रीकडे वळली. आतल्या खोलीत दप्तराची चेन लागल्याचा आवाज आला. आयुष्यभर त्याने लोकांचे काटे तपासले होते. आपल्याच घरातलं एक पारडं इतकं वर गेलेलं त्याला दिसलं नव्हतं.

त्याला उठून आत जायचं होतं. पण जाऊन काय बोलणार? तोंड उघडलं की तेच शब्द बाहेर पडतील, याची त्याला खात्री होती. त्याने गिटार मांडीवर ओढली.

पहिली कॉर्ड. दुसरी. तिसरी आली आणि सूर फाटला. हात सवयीने थांबायला गेला. रुसलेलं पोर ओढत शाळेत न्यावं, तसा त्याने तो पुढे नेला. पुन्हा तिसरी, पुन्हा फाटली. कपाळावर घाम आला. मास्तर मोबाइलमध्ये कधीच पुढे निघून गेले होते. तो मागून धडपडत, ठेचकाळत शेवटापर्यंत पोचला.

गाण्याला शेवट होता तर! इतका छोटा असेल असं वाटलं नव्हतं.

इस्त्रीचा आवाज थांबला होता. दारात लेक उभी होती.

“बा… बा…”

तेच शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर आले. त्याने दात आवळले. आणि ती अडलेली असताना पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. मानेची शीर ताठली होती. पापण्या फडफडत होत्या. किती कष्ट होते त्या एका हाकेत!

“बा… बा… बा…”

बायकोने पदराचं टोक मुठीत धरलं.

“बाबा,” हाक सुटली. “ती… वरून दु… दुसरी तार. तिची खुंटी सैल आहे. वाजवायला लागलं की ती उ… उतरते. आणि तिसऱ्या कॉर्डला तीच लागते.”

ती जवळ आली. तिने खुंटीला बोट लावलं. खुंटी बिनतक्रार गर्रकन फिरली.

त्यानेही ती एकदा फिरवून पाहिली.

“तुमचं बोट चुकत नाही, बाबा. एवढंच सांगायचं होतं.” मग तिने जरा विचार केला. शेवटी ती त्याचीच लेक. “म्हणजे… चु… चुकतं. पण एवढं नाही.”