कानात सांगायची गोष्ट

"गेल्या दोन महिन्यांत देवाला कोणी काय विचारलं, त्याची यादी पाहिजे," साहेब म्हणाला. तो देवळाच्या उंबऱ्यात बूट घालूनच उभा होता. मागे गार्ड झिलू वही उघडून तयार होता.

येसाजी गुरव समईची वात सारत होता. त्याने हात थांबवला नाही. "यादी ठेवत न्हाई मी."

"मग तोंडी सांग. हा लिहून घेईल."

साहेब वनखात्याच्या लाकडाच्या डेपोचा, वर्षापूर्वी बदलून आलेला. त्याच्याविरुद्ध कोणीतरी कारवारच्या वरच्या कचेरीला निनावी पत्र घातलं होतं. तिकडून चौकशीचा फोन आल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पत्र त्याने पाहिलंही नव्हतं; शिसव चोरून विकल्याची तक्रार आहे, एवढंच फोनवर कळलं होतं. पण या गावात म्हैस विकायची झाली तरी माणूस आधी कौल लावतो, हे त्याच्या कानावर आलं होतं. मग असं पत्र घालणारा कौल लावल्याशिवाय कसा राहील?

हिशेब बरोबर होता. इथे विचारणारा आपला प्रश्न गुरवाच्या कानात सांगतो. गुरव देवाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि तो प्रश्न मनातल्या मनात देवापुढे ठेवतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. फुलाला मूल होईल का, चंद्राचा दादला गोव्यात दुसरं घर करून बसलाय का, असलं सगळं येसाजीच्या कानात होतं. ही माणसं सख्ख्या आईलाही जे सांगत नाहीत, ते झिलूच्या वहीत उतरवून घ्यायला हा निघाला होता. एक नाव हवं म्हणून सगळ्या गावाच्या पोटातलं उपसायचं, ही कुठली रीत म्हणायची?

साहेबाने डेपोचं काम बंद ठेवून सगळ्यांना देवळापुढे बोलावलं होतं. त्यांच्यात खांबाला टेकून केशर उभी होती. पत्र तिनेच घातलं होतं. तिचा नवरा भिकाजी जंगलातून वेताची एक मोळी आणली म्हणून तीन आठवडे कोठडीत होता. त्याला जिथे धरला, त्याच वाटेने त्याच आठवड्यात साहेबाच्या माणसांनी शिसवाने भरलेली लॉरी बाहेर काढली. केशरने ती डोळ्यांनी पाहिली. मोळीला कोठडी आणि लॉरीला मोकळी वाट, हे तिला गिळवेना. कौल उजवा पडला आणि तिने पत्र पेटीत टाकलं. आता नाव फुटलं, तर तिची रोजची मजुरी जाणार होती आणि भिकाजी कधी सुटणार ते देवच जाणे. तिचं नाव फक्त येसाजीला ठाऊक होतं.

"बोल की," साहेब म्हणाला. "ज्याच्या मनात पाप नाही, त्याला लपवायचं काय?"

"पाप नसलं तरी लाज असती, साहेब."

"हे देऊळ कोणाच्या जागेत आहे, माहीत आहे ना? उद्या कुलूप घालीन."

जागा खात्याची, हे खरं होतं. सुप्याच्या धरणात जुनं देऊळ बुडालं, तेव्हा येसाजीनेच देव डोक्यावर घेऊन इथे वर आणला होता. पत्र्याच्या या देवळाचा एकही कागद गावाकडे नव्हता. येसाजीने आता हात थांबवला.

"दुसऱ्याचं इचारलेलं मी सांगणार न्हाई," तो म्हणाला. "कुलूप घाला, न्हाईतर मला बांधून न्या. तुमचं काय आसल ते तुमी इचारा. या, कानात सांगा."

साहेब हसला. "कानात कशाला? माझं काही चोरीचं नाही. मी मोठ्यानं विचारतो, तूही मोठ्यानं विचार. सगळ्यांना ऐकू दे. शिसवाच्या दोन लॉऱ्या मी चोरून विकल्या, असं खोटं पत्र ज्यानं घातलं, तो याच गावातला आहे का?"

झिलूने सवयीने तेवढा प्रश्न वहीत उतरवून घेतला. त्या दिवशी त्या वहीत दुसरं काही लिहिलं गेलं नाही.

केशर खांबाआड सरकली. येसाजीने पाकळ्या लावल्या आणि उघड कौलाच्या रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घातलं; त्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची असते.

"देवा म्हाराजा, ह्यो डेपोचा साहेब तुज्या दारात उभा हाय."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"शिसवाच्या दोन लॉऱ्या त्यानं चोरून इकल्या."

"व्हय म्हाराजा."

"आसं खोटं पत्र ह्या गावातल्या कुनी घातलं आसल, तर उजवा कौल दे."

थोड्या वेळाने पाकळी सुटली. डावी.

साहेबाचा चेहरा उतरला. एवढ्या लोकांपुढे स्वतःच मागितलेला कौल त्याला नाकारता येईना. "गावचा देव गावाचीच बाजू घेणार," असं काहीतरी पुटपुटत तो जीपकडे गेला. झिलू वही मिटून मागोमाग निघाला.

माणसं पांगली. केशर मात्र जागची हलली नाही. मग ती आत आली आणि येसाजीच्या कानाशी वाकली.

"आजा, देव खरं बोलला. म्यां पत्रात एकच लॉरी लिवली व्हती. मला एकच ठावं व्हती. दुसरी आज त्याच्याच तोंडातनं भायेर पडली."

येसाजीने खाली पडलेली पाकळी उचलून तिच्या हातावर ठेवली.

"मग दुसऱ्या लॉरीचं दुसरं पत्र घाल, पोरी. आता कौल नको. सगळ्या गावानं 'व्हय म्हाराजा' म्हटलंय."