अहवालात नसलेले

तीन वर्षं दर सोमवारी शिक्षिका आणि शिंपीण नवऱ्यांचे धुतलेले कपडे घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभ्या राहायच्या. शिक्षिकेनं नवऱ्याचं नाव परदेशी मानवाधिकार संस्थेला कळवलं, शिंपीण घाबरून म्हणाली, "माझ्या माणसाचं नको गं, त्यांचे आणखी हाल करतील." संस्थेचा अहवाल छापून आला, जगभरातून सरकारवर टीकेची झोड उठली, आणि आज शिक्षिकेचा नवरा सुटला. शिंपिणीची पिशवी मात्र पहारेकऱ्यानं परत केली. "या नावाचा कैदी इथे नाही." "गेल्या सोमवारी होते की!" पहारेकऱ्यानं खिडकी लावून घेतली. तेव्हा शिक्षिकेचा नवरा हळूच म्हणाला, "वहिनी, अहवालात नाव नसलेल्यांना परवा गाडीत भरून नेलं." "कुठे?" "कुणालाच ठाऊक नाही." "चालत गेले, की उचलून नेलं?" "चालत." "बरं," ती म्हणाली आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिथल्या फुटपाथवर खाली बसली.