टाके मला, टोपी बाबांना

“काका, बाबांना टोपी द्यायलात का टोपी घालायलात?” हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती; अर्पितानं भर बैठकीत विचारलंच. इमारत बांधणाऱ्या गुत्तेदाराच्या हातातली आहेराची टोपी बाबांच्या डोक्याजवळ अडखळली. त्यानं बांधकामाला जाळी लावली नव्हती. वरून वीट पडली आणि शाळेला निघालेल्या अर्पिताचं डोकं फुटलं होतं. बाबांनी टोपी चढवून घेतली की भांडण मिटलं, हा गावचा रिवाज. “पोरीच्या जातीनं एवढं तोंड चालवू नये,” गुत्तेदार हसला. “तोंड शाबूत हाय म्हणून चालायलंय, डोकं तुमी फोडलंत! टाके मला अन् टोपी बाबांना?” बाबांची मान खाली गेली. “पोरी, आहेर परतवला की वैर येतंय,” आई कुजबुजली. “येऊ दे! आई, उद्या मी परभणीला वकिलाकडं जायलेय, नुकसानभरपाईचा दावा ठोकायला. बाबा, मी अजून सज्ञान न्हाई, म्हणून सही करायला तुमीबी यायलात!”